ढगाचा सातबारा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. खालाच्या शेताचा सातबारा उतारा काढायचा होता, म्हणून तालुक्याच्या गावी सेवा केंद्रात रांगेत उभा होतो. माझ्यापुढे एक म्हातारबाबा होते. खिडकीपलीकडच्या पोराने मान वर न करता सांगितले, ‘‘सर्व्हर डाऊन आहे. उद्या या.’’ बाबा तिसऱ्यांदा आले होते. त्यांनी शांतपणे विचारले, ‘‘बाळा, हा सर्व्हर ऱ्हातो तरी कुठं? पत्ता दे, मीच जाऊन भेटतो.’’ पोरगं हसलं आणि बोट वर करून म्हणालं, ‘‘ढगात असतंय, आजोबा.’’ बाबांनी दाराबाहेर भरून आलेल्या आभाळाकडे एकदा बघितले. ‘‘मग आज पडंलच की,’’ म्हणाले, आणि छत्री उघडून चालू लागले.

रांगेतले सगळे हसले, मीही हसलो. पण त्यांचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. ज्या माणसाने आयुष्यभर गट नंबर, चतुःसीमा आणि बांध यांच्या हिशेबाने जग पाहिले, तो वस्तूचा पत्ता विचारणारच. आपले कागद, आपले फोटो, बँकेचे व्यवहार, जमिनीचे उतारे, सारे हल्ली कुठल्या तरी सर्व्हरवर असते, ‘क्लाउड’मध्ये असते. हे शब्द आपण रोज वापरतो. ते आले कुठून आणि ते काय सांगतात, काय लपवतात, याचा विचार मात्र आपण करत नाही.

मी संगणकाचा जाणकार नाही. बी. ए.पर्यंत शिकलो, कविता लिहितो. या विषयात मी शिरलो तो शब्दांच्या दारातून, आणि माझ्या घरी झालेल्या एका नुकसानीमुळे. त्या नुकसानीकडे मी येणारच आहे. आधी थोडा इतिहास पाहू.

आपले काम दुसऱ्याच्या यंत्रावर करून घेणे ही गोष्ट आजची नाही. १९५०च्या दशकात संगणक म्हणजे खोलीभर पसरलेले, प्रचंड किमतीचे यंत्र होते. ते विकत घेणे फार थोड्यांना परवडे. १९६१ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या शताब्दी समारंभात जॉन मॅकार्थी या शास्त्रज्ञाने एक विचार मांडला. टेलिफोन जसा सार्वजनिक सेवा म्हणून घरोघर येतो, तशी संगणकाची ताकदही एक दिवस सार्वजनिक सेवा म्हणून मिळेल, असा तो विचार होता. त्याच वर्षी त्याच संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो यांनी एकाच संगणकावर अनेक माणसांना एकाच वेळी काम करता येईल अशी पद्धत करून दाखवली. तिला ‘टाइम-शेअरिंग’ म्हणत. पाण्याच्या पाळीसारखीच ती रीत. फक्त पाळी इतक्या झटपट फिरे की प्रत्येकाला वाटावे, पाट आपल्याच शेतात वाहतो आहे. १९६६ साली डग्लस पार्कहिल यांनी या विषयावर पुस्तक लिहिले, त्याच्या नावातच ‘कॉम्प्युटर युटिलिटी’ हा शब्द होता. युटिलिटी म्हणजे वीज, पाणी, गॅस यांसारखी सेवा.

आपल्याकडेही तेच होते. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा मोठा संगणक बसवला गेला. देशभरातल्या विद्यापीठांची आणि संशोधन संस्थांची गणिते तिथे येत. दळणाचा डबा गिरणीत ठेवावा आणि संध्याकाळी पीठ घेऊन जावे, तशी ही पद्धत. गिरणी दुसऱ्याची आहे हे सर्वांना ठाऊक होते. तिचा पत्ता ठाऊक होता आणि डबा घरी परत येत होता.

आता ‘होस्ट’ या शब्दाकडे येऊ. १९६९ साली अमेरिकेत ‘आर्पानेट’ हे संगणकांचे जाळे उभे राहिले. आजच्या इंटरनेटचे ते पूर्वज. त्या वर्षअखेर त्यात चार ठिकाणे होती. प्रत्येक ठिकाणच्या मोठ्या संगणकाला ‘होस्ट’ हे नाव मिळाले. ७ एप्रिल १९६९ रोजी स्टीव्ह क्रॉकर या तरुण विद्यार्थ्याने लिहिलेल्या पहिल्या तांत्रिक टिपणाचे नावच ‘होस्ट सॉफ्टवेअर’ असे आहे. होस्ट म्हणजे यजमान. ज्याच्या घरी दुसऱ्या गावाहून पाहुणा काम घेऊन येतो, तो यजमान. प्रत्येक विद्यापीठाचे घर स्वतःचे, यंत्र स्वतःचे. त्यामुळे ‘सेल्फ-होस्टिंग’, म्हणजे स्वतःच स्वतःचा यजमान होणे, असा शब्द तेव्हा कोणाला सुचण्याचे कारणच नव्हते. यजमान स्वतःच्या घरी नसणार, तर कुठे असणार?

या शब्दाची एक गंमत आहे. इंग्रजी ‘होस्ट’चे मूळ ‘होस्पेस’ या लॅटिन शब्दात आहे, आणि त्या भाषेत त्याचा अर्थ यजमान असा होतो, तसाच पाहुणा असाही होतो. आमच्या घरात पाहुण्याला मेहमान म्हणतात आणि ज्याच्या घरी तो उतरतो त्याला मेजबान. दोन्ही शब्द शेजारी शेजारी बसतात, पण कोण कोण आहे याची गल्लत होत नाही. लॅटिनमध्ये मात्र ती गल्लत शब्दाच्या पोटातच होती. पुढे संगणकाच्या जगात ती खरी झाली.

‘सर्व्हर’ शब्दाचे मूळ लॅटिन ‘सर्व्हस’मध्ये, म्हणजे गुलामात किंवा चाकरात आहे. रांगांचा अभ्यास करणारी गणिताची एक शाखा आहे. टेलिफोन एक्स्चेंजवर किती माणसे लागतील, खिडकीपुढे किती वेळ थांबावे लागेल, अशी गणिते ती सोडवते. त्या शाखेत खिडकीपलीकडे सेवा देणाऱ्याला ‘सर्व्हर’ म्हणू लागले. आर्पानेटच्या १९६९च्या टिपणांत तो शब्द दुसऱ्यासाठी काम करणाऱ्या यंत्राला लागलेला दिसतो. म्हणजे तालुक्याच्या गावी आम्ही ज्याच्यापुढे रांग लावून उभे होतो, तो शब्दाने आमचा चाकर होता!

१९८१ साली आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आला आणि हळूहळू यंत्र माणसाच्या टेबलावर आले. आपले लेखन आपल्या कपाटात, तसे आपल्या संगणकात राहू लागले. पण १९९०च्या दशकात महाजाल सर्वांसाठी खुले झाले आणि प्रत्येकाला त्यावर आपले एखादे पान हवेसे वाटू लागले. त्यासाठी रात्रंदिवस चालू राहणारे यंत्र हवे. ते घरी ठेवणे अवघड, म्हणून ते भाड्याने देणारे पुढे आले. त्यांच्या धंद्याला ‘वेब होस्टिंग’ म्हणू लागले. इथे शब्दाची बाजू बदलली. १९६९चा होस्ट घरमालक होता, स्वतःच्या यंत्रासह नांदणारा. १९९०च्या दशकातला होस्ट म्हणजे खोल्या भाड्याने देणारा, आणि आपण पाहुणे. आपल्या रिवाजात पाहुण्याकडून पैसे घेत नाहीत आणि त्याला बाहेरही काढत नाहीत. या नव्या पाहुणचारात दोन्ही होते.

आणि मग आला ढग.

टेलिफोन आणि संगणकजाळ्यांचे अभियंते आराखडे काढत, तेव्हा एका बाजूला एक यंत्र, दुसऱ्या बाजूला दुसरे यंत्र असे नीट चौकोन काढत. मधल्या भागात तारा, केंद्रे, जोडण्या यांचे जंजाळ असे. ते दुसऱ्या कंपनीचे असे आणि सारखे बदलत असे. ते सगळे काढत बसण्याऐवजी मधे एक ढग काढायचा. ‘या भागात काय चालते याच्याशी आपल्याला आत्ता कर्तव्य नाही,’ एवढाच त्या चित्राचा अर्थ. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून अशी चित्रे दिसतात.

तो ढग निरोप नेणारा होता, हे इथे लक्षात ठेवायला हवे. कालिदासाच्या ‘मेघदूता’तला मेघही रामगिरीहून, म्हणजे अभ्यासक मानतात त्याप्रमाणे आपल्या रामटेकहून, अलकानगरीला निरोप नेतो. यक्षाने त्याच्याकडे काही साठवायला दिले नव्हते. अभियंत्यांच्या आराखड्यातल्या ढगाचेही तेच काम होते, या टोकाचे त्या टोकाला पोहोचवायचे. पुढच्या काळात ढग निरोप्याचा कोठावळा झाला, कोठारे त्याच्या ताब्यात गेली. चित्र तेच राहिले आणि त्याच्या आतली वस्तू बदलली.

‘क्लाउड कॉम्प्युटिंग’ हा जोडशब्द १९९६ साली कॉम्पॅक या अमेरिकन संगणक कंपनीच्या एका अंतर्गत व्यवसाय आराखड्यात सापडतो. पण तो जगभर झाला २००६ साली. त्या वर्षी मार्च महिन्यात अ‍ॅमेझॉनने माहिती साठवण्याची जागा भाड्याने द्यायला सुरुवात केली. ऑगस्टमध्ये गूगलचे प्रमुख एरिक श्मिट यांनी एका परिषदेत या नव्या पद्धतीचे वर्णन करताना ‘क्लाउड’ शब्द वापरला. त्याच महिन्यात अ‍ॅमेझॉनने यंत्रांची ताकदही तासाच्या हिशेबाने भाड्याने दिली आणि त्या सेवेच्या नावातच ‘क्लाउड’ शब्द घातला. शब्दाला भाव आला. तो इतका आला की डेल या कंपनीने ‘क्लाउड कॉम्प्युटिंग’ हे शब्दच आपले व्यापारचिन्ह म्हणून नोंदवून मागितले. २००८च्या जुलैत अमेरिकेच्या व्यापारचिन्ह कार्यालयाने आधी होकार दिला आणि ओरड झाल्यावर ऑगस्टमध्ये तो मागे घेतला. ढगावर मालकी सांगायला निघालेला माणूस आपण गोष्टीत वाचला असता, तर हसलो असतो.

त्याच २००८च्या सप्टेंबरमध्ये दोन परस्परविरोधी माणसे या शब्दावर तुटून पडली. ओरॅकल कंपनीचे प्रमुख लॅरी एलिसन म्हणाले, आम्ही जे आधीपासून करतो त्यालाच आता हे नाव दिले जाते आहे. ही केवळ फॅशन आहे. आणि मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे रिचर्ड स्टॉलमन यांनी इशारा दिला की आपले काम दुसऱ्याच्या यंत्रावर सोपवले की त्यावरचा ताबाही आपण सोपवतो. एलिसन यांच्या कंपनीने पुढे स्वतःच ढगाचे दुकान थाटले. स्टॉलमन आपल्या मतावर राहिले.

नवी वस्तू आली की जुन्या वस्तूला नवे नाव घ्यावे लागते. मी इचलकरंजीचा. आमच्या गावात यंत्रमाग येण्यापूर्वी मागाला नुसते ‘माग’ म्हणत. यंत्रमाग आल्यावर जुन्या मागाला ‘हातमाग’ म्हणावे लागले. मोबाइल आल्यावर घरातला फोन ‘लँडलाइन’ झाला. तसेच इथे झाले. आपल्या कचेरीत, आपल्या खोलीत असलेला सर्व्हर पूर्वी नुसता सर्व्हर होता. ढग आल्यावर त्याला ‘ऑन-प्रिमायसेस’, म्हणजे ‘जागेवरचा’, असे विशेषण जोडावे लागले. नाव बदलताच तो जुनाट वाटू लागला. विक्रेत्यांच्या तोंडी ‘अजून तुमचे जागेवरच आहे का?’ हा प्रश्न ‘अजून चुलीवरच करता का?’ अशा सुरात येऊ लागला.

हा ‘प्रिमायसेस’ शब्द मला फार आवडला. लॅटिनमध्ये त्याच्या मुळाचा अर्थ ‘आधी सांगितलेले’. जुन्या इंग्रजी खरेदीखतांत सुरुवातीला मिळकतीचे वर्णन येई आणि पुढे पुन्हा पुन्हा ‘वर सांगितलेले’ असा उल्लेख होई. होता होता ‘वर सांगितलेले’ या शब्दालाच ‘जागा, इमारत’ असा अर्थ चिकटला. आपल्या खरेदीखतात काय असते? ‘सदरहू मिळकत’. सदरहू म्हणजेच वर सांगितलेली. हा शब्द आपल्याकडे अरबीतून, दप्तरी मराठीच्या वाटेने आला. म्हणजे ‘ऑन-प्रिमायसेस सर्व्हर’चे नेमके मराठी करायचे तर ‘सदरहू जागेतला सर्व्हर’! यात चतुःसीमा आली, पत्ता आला, साक्षीदारांच्या सह्या आल्या. सेवा केंद्रातले म्हातारबाबा हेच तर मागत होते.

ढगाची अधिकृत व्याख्या सप्टेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या मानके ठरवणाऱ्या ‘निस्ट’ या सरकारी संस्थेने केली. पंधरा मसुद्यांनंतर ती पक्की झाली. त्या व्याख्येत ढगाची पाच लक्षणे सांगितली आहेत. हवे तेव्हा आपले आपण घेता यावे, जाळ्यावरून कुठूनही पोहोचता यावे, साधने अनेकांत वाटून दिलेली असावीत, गरजेप्रमाणे ती चटकन वाढावीत-घटावीत आणि वापराचे मोजमाप व्हावे. यातल्या तिसऱ्या लक्षणात एक शब्द येतो, ‘मल्टी-टेनंट’. टेनंट म्हणजे भाडेकरू, कूळ. एकाच यंत्रावर अनेक कुळे. ढगाच्या चित्राआड लपलेला जमिनीचा शब्द इथे उघडा पडतो.

आणि जमिनीच्या शब्दांत मराठीचा हात कोण धरील? १८१८ साली पेशवाई गेल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. त्यात त्याने इथल्या शेतकऱ्यांचे दोन वर्ग नोंदवले आहेत, मिरासदार आणि उपरी. मिरास म्हणजे वारसाहक्क. मिरासदाराची जमीन वडिलोपार्जित असे. तो सारा भरत असेपर्यंत त्याला कोणी उठवू शकत नसे. उपरी दुसऱ्याच्या जमिनीवर कराराने कसे आणि मुदत संपली की उठे. उपऱ्याला सारा बऱ्याचदा हलका असे आणि त्याला गाव सोडून दुसरीकडे जाण्याची मोकळीक असे. मिरासदाराला ओझे जास्त, पण पाय रोवलेले. आज कंपन्या ज्यावर वाद घालतात तो वाद हाच आहे. ढग म्हणजे उपरी वहिवाट: सुरुवातीचा खर्च कमी, हवे तेव्हा वाढवा, हवे तेव्हा सोडा. जागेवरचा सर्व्हर म्हणजे मिरास: यंत्राचा खर्च, विजेचा खर्च, रात्री-अपरात्री दुरुस्ती, पण किल्ली आपल्या कनवटीला. २०२२ साली ‘बेसकॅम्प’ बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीने ढगाचे भाडे परवडत नाही म्हणून आपली यंत्रे परत घ्यायचे जाहीर केले. अशा परतीला त्या जगात ‘रिपॅट्रिएशन’ म्हणतात, म्हणजे मायदेशी परतणे. पुन्हा शब्द मातीचाच.

फरक एकच आहे. आपल्याकडे कसेल त्याची जमीन म्हणणारा कूळकायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ रोजी त्याखालची कुळे कसत्या जमिनीची मालक मानली गेली. ढगात कूळकायदा नाही. वीस वर्षे भाडे भरले तरी तिथे वहिवाट लागत नाही.

आता माझी गोष्ट सांगतो. माझी अम्मा जात्यावर ओव्या म्हणत असे. घरात दखनी बोलणारी ही बाई जात्यापाशी बसली की शुद्ध गावाकडची मराठी तिच्या तोंडून वाहू लागे. त्या ओव्यांत पीरसाहेबांचा उरूस असे, पंढरीची वाट असे, माहेरचा भाऊ असे. १९९८ साली मी त्या कॅसेटवर उतरवल्या आणि एका वहीत लिहून काढल्या. शंभरावर होत्या. पुढे माझ्या भाच्याच्या मदतीने त्या कॅसेट संगणकावर घेतल्या आणि एका कंपनीच्या फुकट जागेत ठेवल्या. २०१४ साली अम्मा गेली. आवाज आहे, या आधारावर मी होतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेला महापूर आला. आमच्या घरात छातीभर पाणी होते. वही लगदा झाली, कॅसेटींत गाळ भरला. लोक हळहळले तेव्हा मीच त्यांना सांगत होतो, ‘‘असू दे, ढगात आहे.’’ चार महिन्यांनी भाचा आला तेव्हा आम्ही ती जागा उघडायला बसलो. ती सेवा कंपनीने केव्हाच बंद केली होती. सूचनेची पत्रे मी वापरणे सोडलेल्या पत्त्यावर आली होती, एकामागून एक तीन. शेवटच्या पत्रात मुदत दिली होती, ती उलटून वर्ष झाले होते. करारात हे सगळे लिहिलेले होते म्हणे. भाचा म्हणाला, ‘‘मामू, फुकट होतं ना. तुम्ही त्यांचे भाडेकरूसुद्धा नव्हता.’’

त्या रात्री मला कंपनीचा राग आला तसा स्वतःचाही आला. घर स्वतःचे होते ते नदीने नेले, ढग दुसऱ्याचा होता तो दुसऱ्याने मिटवला. पण ‘ढगात आहे’ म्हणताना मला जे वाटत होते ते त्या शब्दाने वाटायला लावले होते. ‘एका परक्या कंपनीच्या गोदामात, तिच्या मर्जीने, फुकट पडून आहे’ असे मी कधी मोठ्याने म्हटले असते, तर दुसरी प्रत काढून खालाच्या घरी ठेवली असती.

ढगाला इमारत असते, हे जगाला १० मार्च २०२१ रोजी दिसले. फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे पाच मजली माहितीकेंद्र त्या रात्री जळून गेले. ज्यांनी दुसरी प्रत दुसरीकडे ठेवली नव्हती, त्यांचे कायमचे गेले. पण स्वतःचे घर म्हणजे निर्धास्त, असेही नाही. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियात देजॉन शहरातल्या सरकारच्या स्वतःच्या केंद्राला आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांची कागदपत्रे जिथे ठेवली जात, तो ८५८ टेराबाईटचा साठा नष्ट झाला, आणि त्याची बाहेर कुठेही प्रत नव्हती.

तिसरा धोका किल्लीचा. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जी या तेल कंपनीवर निर्बंध घातले. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. पैसे भरलेले असूनही आपली माहिती आपल्यालाच मिळत नाही, अशी तक्रार घेऊन कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. आग नव्हती, पूर नव्हता. फक्त दुसऱ्या खंडात एक निर्णय झाला होता.

सरकारे आता ढगाला पत्ता विचारू लागली आहेत. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितले की पैशांच्या देवघेवीची माहिती भारतातच साठवली पाहिजे. आपल्या केंद्र सरकारच्या ढगाचे नाव ‘मेघराज’ आहे. कोणा रसिक अधिकाऱ्याला सुचले असावे. अ‍ॅमेझॉनने २०१६ साली मुंबईत आपली केंद्रे सुरू केली. ऐरोली, रबाळे, महापे या बाजूला कधी गेलात तर खिडक्या नसलेल्या मोठमोठ्या इमारती दिसतील. आत यंत्रांच्या ओळी, बाहेर विजेची उपकेंद्रे, जनित्रे आणि यंत्रे गार ठेवणारी अवजड सामग्री. तोच आपला ढग. तो ठाणे-बेलापूर रस्त्यावर जमिनीला घट्ट चिकटून उभा आहे आणि त्या जमिनीचा कागद कुठल्या तरी दप्तरात नक्की आहे.

मग आपण काय म्हणावे? भाच्याने पुण्यातल्या आपल्या घरी, पुस्तकाएवढ्या एका यंत्रावर घरातले सारे फोटो आणि कागद ठेवले आहेत. याला तो सेल्फ-होस्टिंग म्हणतो. वीज गेली की ते बंद पडते, आणि रविवारची सकाळ त्याची त्यातच जाते. त्याची एक प्रत तो भाड्याच्या ढगातही ठेवतो, कुलूप लावून, आणि किल्ली आपल्याकडे. त्यांच्या धंद्यातला नियम सोपा आहे: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. मिरासही हवी, उपरी वहिवाटही चालेल. कुठली कुठली आहे ते नावावरून कळले पाहिजे.

दुसऱ्याकडे ठेवलेल्या वस्तूला आपल्या भाषेत एक चांगला शब्द आहे, अनामत. मूळ अरबी अमानत; आपल्या जिभेवर त्याची अक्षरे उलटसुलट झाली. निवडणुकीत जप्त होते ती अनामत एवढाच अर्थ आता उरला आहे. पण आमच्या घरात लहानपणापासून शिकवले जायचे की अमानत म्हणजे ज्याची त्याला, जशीच्या तशी परत द्यायची वस्तू. ती ठेवणाऱ्याचे नाव ठाऊक असते, मागायला जायचे घर ठाऊक असते, आणि ठेवून घेणाऱ्याच्या मानेवर तिचे ओझे असते. ‘माझे फोटो ढगात आहेत’ याऐवजी ‘माझे फोटो अमक्या कंपनीकडे अनामत आहेत’ असे म्हणून पाहा. लगेच पुढचा प्रश्न सुचतो: परत कसे घ्यायचे?

सातबारा दुसऱ्या दिवशी मिळाला. तो द्यायला खालाकडे गेलो. ती ऐंशीच्या पुढे आहे. अम्माबरोबर एकाच जात्यावर बसलेली. मी वही काढली. तिने उताऱ्यावरचे नाव दोनदा बोटाने चाचपून पाहिले, तो डब्यात ठेवला आणि मग आठवून आठवून म्हणू लागली. आतापर्यंत एकतीस ओव्या झाल्या आहेत. आवाज अम्माचा नाही, पण ठेका तोच आहे. या वेळी तीन ठिकाणी ठेवल्या आहेत, आणि प्रत्येक ठिकाणचा पत्ता वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आहे.